आट्यांमधला उजेड

वडिलांचा एक पाना अजून माझ्याकडे आहे. दांड्यावर '१/२ डब्ल्यू' असा ठसा. शाळेत असताना मी फूटपट्टी लावून त्याचा जबडा मोजला. माझ्या हिशेबानं अर्धा इंच भरायला हवा होता, भरला जवळजवळ एक इंच, म्हणजे २३ मिलिमीटरच्या थोडा वर. मला वाटलं, पाना खोटा. वडील कर्जतला रेल्वेत फिटर होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं त्यांच्या हाताखालून जायची. त्यांनी पाना पुसला आणि म्हणाले, "हा आकडा पान्याचा नव्हे रे, बोल्टचा. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टच्या डोक्याला हा बसतो. आधी बोल्ट कुणाचा ते बघायचं, मग पान्याला हात घालायचा."

पुढं मी टर्नर झालो. आयटीआय केलं, काही वर्षं कारखान्यात काढली आणि मग खोपोलीत स्वतःचा लेथ टाकला. चाळीस वर्षं झाली. या चाळीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या कामांपैकी निम्मं काम एकच: कुठून तरी आलेल्या एका तुकड्याचे आटे, दुसरीकडून आलेल्या दुसऱ्या तुकड्याशी जुळवून द्यायचे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत काय काय आलं, कुठून आलं, हे मला पुस्तकापेक्षा आट्यांवरून जास्त कळलं.

पहिली आली रेल्वे. १८५६ च्या मे महिन्यात रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचले. बोरघाट तेव्हा फुटलेला नव्हता. खोपोलीला उतरायचं आणि वर खंडाळ्याला जायला डोली नाही तर बैलगाडी धरायची. घाटाचं काम चालू असताना सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि ते कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिनं पुढं चालवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्या बाईचं नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रेल्वेबरोबर जे लोखंड आलं त्याच्याबरोबर जोसेफ व्हिटवर्थचं कोष्टकही आलं. त्याच्या आधी इंग्लंडातही ज्या कारखान्याचा बोल्ट, त्याच कारखान्याचा नट, असाच कारभार होता. हरवलेला नट बाजारात मिळायची सोय नव्हती. व्हिटवर्थनं वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये इंजिनिअरांपुढं कोष्टक मांडलं. आट्याचा कोन सगळीकडे ५५ अंश, आणि अमक्या जाडीला इंचात अमके आटे. अर्ध्या इंचाला १२, तीन सुताला १६. (आमच्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे ३/८, चार सूत म्हणजे अर्धा. मेट्रिक येऊन साठ वर्षं होऊन गेली तरी दुकानात 'चार सुती बोल्ट द्या' असंच म्हणतात.) इंग्लंडच्या रेल्वे कारखान्यांनी हे कोष्टक उचललं आणि ते बोटीतून मुंबईला उतरलं.

हाच व्हिटवर्थ पुढं बंदुकीकडे वळला. त्यानं रायफलीची नळी गोल भोकाची ठेवलीच नाही. षटकोनी भोक केलं आणि ते पिळत नेलं. १८५७ च्या चाचण्यांत तिनं सरकारी एनफिल्ड रायफलीला नेमबाजीत मागं टाकलं. १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियानं पहिला बार काढला तो टेकूवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून. आट्यांना शिस्त लावणारा आणि नळीतला पीळ घडवणारा माणूस एकच निघावा याचं मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे काम एकच: गोल फिरत पुढं सरकणं, आणि ते केसाइतकंही न चुकता.

नेरळहून माथेरानला गाडी आली ती १९०७ मध्ये. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं ती बांधली. रूळ दोन फुटी आणि चढ जागोजागी विसाला एक. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची, एकूण चार. त्यांची टोकाची चाकं वळणाबरोबर थोडी सरकायची, म्हणून ती इतकी तीव्र वळणं घेऊ शकली. लोक मला म्हणतात, जर्मन इंजिन म्हणजे मेट्रिक आटे. पण तसं धरून चालत नाही. त्या काळी जर्मनीतसुद्धा व्हिटवर्थचे इंची आटे सर्रास चालायचे. मेट्रिकनं तिथं बस्तान बसवलं ते पहिल्या महायुद्धानंतर. देशावरून आटा ओळखायला गेलात की फसलात. थ्रेड गेजचं दातेरी पान आट्यांत लावूनच बघायचं. ही इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घाट चढत होती आणि त्यातलं ७४० नंबरचं आज इंग्लंडात एका छोट्या रेल्वेवर आहे.

मग वीज आली. वर लोणावळा, वळवण, शिरवता इथं पाणी अडवलं आणि ते पाइपांतून सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीत सोडलं. १९१५ च्या फेब्रुवारीत टाटांचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरायला लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं. एवढ्या उंचीचं पाणी पायथ्याशी चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोच्या वर दाबतं. सांध्यातून सुईएवढी धार निघाली तरी ती हात कापते. वापरलेलं पाणी खोपोलीहून पाताळगंगेत जातं, भिवपुरीहून उल्हासला मिळतं. दोन्ही नद्या उन्हाळ्यातही वाहत्या दिसतात त्या या पाण्यावर.

या विजेच्या मनोऱ्यांची आणखी एक गोष्ट आमच्याकडे घरोघरी ठाऊक आहे. १९४२ च्या सप्टेंबरपासून भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं कर्जत-मुरबाडच्या जंगलात हे मनोरे पाडायला सुरुवात केली, मुंबईच्या कारखान्यांची वीज तोडायला. भाई मूळचे माथेरानचे, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मनोरा म्हणजे शेवटी अँगल आणि नट-बोल्ट. तो कशावर उभा आहे हे ज्याला कळतं त्याला तो कसा पडेल हेही कळतं. लहानपणी वडिलांबरोबर सायकलवरून जाताना मनोरा दिसला की ते बोट करून दाखवायचे आणि गप्प व्हायचे.

देश मेट्रिक झाला तेव्हा वडील नोकरीत होते. १९५६ ला कायदा, १९५७ ला नवे पैसे, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो आणि मीटर. बाजारातलं वजन बदलायला काही वर्षं लागली. कारखान्यातला आटा बदलायला दोन पिढ्या. जुनं यंत्र मोडीत निघेपर्यंत त्याचा बोल्ट इंचातच हवा असतो. आणि पाइप तर बदललेच नाहीत. खोपोलीत झेनिथचा पाइपांचा कारखाना होता. शेतातल्या विहिरीपासून चाळीतल्या नळापर्यंत आम्ही तो पाइप वापरला. त्याच्या टोकाचे आटे बीएसपी, म्हणजे कोन व्हिटवर्थचाच, ५५ अंश. भारतीय मानकानंही पाइपासाठी तेच आटे ठेवले. आज ज्या घरात सगळं मेट्रिक आहे त्या घरातही नळ अर्धा इंचीच बसतो.

माझ्या पहिल्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे टूलला पुढं सरकवणारा आटेदार दांडा, इंची होता. त्यावर मेट्रिक आटे कसे पाडायचे हे मला ज्या उस्तादांनी शिकवलं ते वयानं साठीचे होते आणि त्यांना गणित लिहिता यायचं नाही. त्यांनी कपाटातून एक मोठं चाक काढलं. "दात मोज," म्हणाले. मी मोजले. १२७. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी आपसात पक्कं केलं. २५.४ ला पाचानं गुणलं की १२७. ते चाक गिअरांत घातलं की इंची यंत्र मेट्रिक बोलायला लागतं. फक्त एक पथ्य: हाफ नट, म्हणजे लीड स्क्रूवरची पकड, मध्ये सोडायचा नाही. टूल मागं घ्यायचं, मशीन उलटं फिरवून परत आणायचं, मग पुढचा काप. एकदा सोडला की टूल जुन्या वाटेवर परत सापडत नाही आणि आटा कापला जातो. ते चाक माझ्याकडे अजून आहे. पुढं घेतलेल्या किर्लोस्करच्या लेथला त्याची गरज पडली नाही, तरी मी ते विकलं नाही.

आता रायफलीकडे येतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळं.

माझ्या बहिणीचे यजमान फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुकांची देखभाल करणारे, होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. मी लेथवर असायचो, ते स्टुलावर. एकदा एका शाफ्टच्या टोकाला मी आटे पाडत होतो. टोपी फिरवून बसवली, हातानं हलवून पाहिली आणि म्हटलं, "बसली भावोजी." ते उठले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बसली म्हणतोस कशावरून? खांद्याला टेकली का?"

मग त्यांनी मझल ब्रेक समजावला. गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्या मागून जळालेल्या दारूचा वायू येतो. तो सरळ पुढं गेला की बंदूक मागं ढकलली जाते आणि खांद्याला धक्का बसतो. नळीच्या तोंडावर छिद्रांचं किंवा खाचांचं टोपण बसवलं तर तो वायू बाजूला वळतो आणि वळताना टोपणाला, पर्यायानं नळीला, पुढं ओढतो. धक्का कमी होतो. बोफोर्स तोफेच्या नळीच्या टोकाला दिसणारा तो जाड भाग हाच. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये त्रय द बोल्यो नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं १९ व्या शतकाच्या मध्यात नळीला भोकं पाडून प्रयोग केले होते.

"हे टोपण नळीला कशानं धरतं? आट्यांनी," भावोजी सांगत होते. "पण आटे फक्त धरतात. सरळ ठेवतो तो खांदा. नळीवर आट्यांच्या मागं जी पायरी असते ती नळीच्या भोकाशी अगदी काटकोनात हवी. टोपण त्या पायरीला सगळ्या बाजूंनी सारखं टेकलं तर त्याचं भोक आणि नळीचं भोक एका रेषेत. नाही टेकलं तर गोळी टोपणाच्या काठाला घासते. मग नेम तर गेलाच, टोपणही फुटतं, आणि शेजारच्या माणसाच्या अंगावर तुकडे जातात."

मी विचारलं, आटे जगभर एकच असतील ना? ते नाही म्हणाले आणि आकडे सांगायला लागले. ते मी तेव्हा बिलाच्या पाठीवर लिहून घेतले होते. रशियाच्या १९५९ च्या एकेएम रायफलीला तोंडावर तिरकं कापलेलं टोपण असतं; त्याचे आटे १४ मिलिमीटरवर, दोन आट्यांमध्ये १ मिलिमीटर, आणि डावे, म्हणजे उलटे. त्याच घराण्यातल्या एके-७४ ला मोठा ब्रेक लावला तेव्हा आटे झाले २४ मिलिमीटर, अंतर दीड, आणि उजवे. बेल्जियमच्या एफएएल रायफलीला ९/१६ इंच, इंचात २४ आटे, डावे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली इशापूरची एसएलआर याच एफएएलच्या कुळातली. अमेरिकी रायफलींना लहान गोळीसाठी अर्धा इंच २८ आटे, मोठीसाठी पाच सूत २४ आटे. आमच्या भाषेत एक चार सुती, एक पाच सुती आणि एफएएल साडेचार सुती.

मी ९/१६ चे मिलिमीटर केले. १४.२९. म्हणजे रशियाच्या १४ पेक्षा केसभर मोठं, अंतरही १ ऐवजी १.०५८, आणि दोन्ही डावे. एफएएलचं टोपण रशियन नळीवर चढवलं तर ते चढतं. सैल चढतं, पण चढतं. हाताला वाटतं, बसलं.

मला त्या क्षणी घाम फुटला होता, कारण मी तेच पाप केलेलं होतं, बंदुकीवर नव्हे, पट्ट्याच्या गार्डवर. बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका कारखान्याचं काम आलं होतं. गार्डला तीन सुती स्टड आणि दहा मिलिमीटरचे नट, असा मिसळलेला माल मी एकाच पिशवीतून दिला. तीन सूत म्हणजे ९.५२ मिलिमीटर. १० च्या नटात तो सरसर जातो आणि पाच-सहा आट्यांत अडकतही नाही. बसवणाऱ्यालाही वाटलं, बसला. आठवड्याभरात हादऱ्यानं नट सुटले, गार्ड कलला आणि तो सावरायला गेलेल्या पोराचं करंगळीशेजारचं बोट गेलं. माझ्याकडे कुणी विचारायला आलं नाही. मीच गेलो, त्याच्या घरी. त्याच्या आईनं मला चहा दिला, त्याची चव अजून तोंडात आहे.

न बसणाऱ्या आट्यानं कुणाचं नुकसान होत नाही, तो परत येतो. भीती असते जवळजवळ बसणाऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं ब्रिटनचं मर्लिन विमान इंजिन बांधायला घेतलं तेव्हा तिला आपले ६० अंशांचे आटे बाजूला ठेवून व्हिटवर्थचे आटे पाडावे लागले. तीन सुताला दोघांचेही इंचात १६ आटे. कोन मात्र वेगळा. नट फिरतो, बसतो, पण दाताला दात पूर्ण टेकत नाही. या जाचातूनच १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एका समाईक आट्यावर सह्या केल्या. भावोजींचा पाच सुती २४ त्याच घराण्यातला. त्याच्याही आधी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर पेटलं तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब धावून आले आणि त्यांच्या होजचे आटे तिथल्या हायड्रंटला बसले नाहीत. पंधराशेवर इमारती जळाल्या. आपल्या बंबांच्या कपलिंगला आटेच नाहीत. ढकललं की खट्कन बसतं. खोपोलीच्या कारखान्यांत आग लागली आणि कर्जत, पनवेलचे बंब आले की मी ते कपलिंग बघत उभा राहतो.

नळीला आटे पाडून द्या म्हणून एकदा एक जण बंदूक घेऊन माझ्याकडेही आला. मी हात लावला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवणं तर सोडाच, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. शिवाय ज्या कामात खांदा चुकला तर माणूस जातो ते काम मी मागच्या पडवीत करणार नाही. भावोजींनी ते ऐकलं आणि पाठीवर थाप मारली.

हल्ली कर्जतच्या बाजूला फार्महाऊस झाली आहेत. पोहण्याच्या तलावाचे फिल्टर, पाणी शुद्ध करायची यंत्रं बाहेरून येतात. त्यांच्या तोंडाचे आटे पुष्कळदा अमेरिकी एनपीटी, ६० अंशांचे. अर्धा इंची एनपीटीला इंचात १४ आटे, अर्धा इंची बीएसपीलाही १४. प्लंबर टेफ्लॉन टेप गुंडाळतो, आवळतो, पाणी थांबतं. महिन्याभरानं पाझर सुरू. मग तो सफेदा आणि सुतळी लावतो, आणखी आवळतो, आणि तोटी चिरते. एक इंचाला मात्र गंमत नाही. तिथं बीएसपीला ११ आटे, एनपीटीला साडेअकरा, आणि एक दुसऱ्यावर मुळात नीट चढतच नाही.

परवा असाच एक प्लंबर आला, वीस-बावीसचा, हातात चिरलेली तोटी. "काका, याच्यावर जरा डाय फिरवून द्या ना. आटे खराब झालेत."

मी डाय काढली नाही. खणातून थ्रेड गेज काढला, ५५ चं पान उघडून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दाराशी जा. आट्यांत बसव आणि उजेडाकडे धर."

तो उंबऱ्यात उभा राहिला. एक डोळा मिटून बराच वेळ बघत होता. बाहेरून खोपोली लोकल सुटल्याचा आवाज आला.

"काका, मधून उजेड येतोय."

"आता ६० चं पान लाव."

त्यानं लावलं. या वेळी तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघायला लागला. मी लेथचा पट्टा चढवला आणि अ‍ॅडॉप्टरसाठी पितळेचा तुकडा शोधायला लागलो.